दामाजीच्या नावाचा वळू

२८ ऑक्टोबर १९८८

उत्तमभाऊजी,

तुम्ही तिकडे हॉलंडात बरे असाल असं धरून चालते. विचारलं तरी तुम्ही कळवणार नाही, म्हणून विचारत नाही.

वळू गेला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आपल्या फाटकाशीच. मी दार उघडलं तेव्हा पुढचे गुडघे दुमडून बसला होता आणि मान फाटकाच्या खांबाला टेकलेली होती. मला वाटलं, नेहमीसारखा बसलाय. मी बाजूने वाट काढून बसच्या थांब्याकडे निघालेही होते. आईंनी मागून हाक मारली, "सगुणा, त्याच्या पापन्या बघ गो." त्या पांढऱ्या पापण्यांवर माशी बसली होती आणि तो ती हाकलत नव्हता.

गावानं त्याला खाडीकाठच्या खाजणात, बांधाच्या पाण्याच्या दाराशी, त्या जुन्या उघाडीपाशी पुरलं. गुलाल टाकला, नवं धोतर पांघरलं. सोडलेल्या वळूला माणसासारखं पोचवतात, हे तुम्हाला सांगायला नको. आई म्हणाल्या, "उत्तमला लिव, तुजा भाऊ दुसऱ्यांदा मेला." म्हणून हे पत्र. शब्द त्यांचे आहेत. त्या तुमच्याशी बोलत नाहीत, पण एवढं कळवायला सांगितलं, ते कळवते.

आता लिहायला बसलेच आहे तर माझंही चार ओळी ऐका.

पाच वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणाला बांध फुटला. भरतीचं पाणी अडवायला त्या उघाडीची फळी बसवायला तुमचे भाऊ गेले ते गेलेच. देह मिळाला नाही. दर्भाचा पुतळा करून जाळला आणि अकराव्या दिवशी आईंनी गोठ्यातला तरणा खोंड त्यांच्या नावानं सोडला. पुठ्ठ्यावर त्रिशूळ डागला, कपाळाला हळद लावली आणि त्याच्या कानात म्हणाल्या, "दामाजी, जा. आता तू कोनाचा नाय." मी पदर तोंडात धरून उभी होते. कोणाचा नाही म्हणजे माझाही नाही. चार वर्षांचा संसार, मूल नाही, जाळायला माणूस नाही, आणि वर हे वाक्य. ते मला अजून गिळता आलेलं नाही.

एकदा सोडला की त्याला दोर नाही, नांगर नाही, चिमटा नाही. म्हणूनच तर तो वाचला. जर्सीच्या योजनेत तुम्ही चिमटा घेऊन खाडीकाठची गावं पालथी घातलीत आणि आपल्या खाऱ्या गुरांचे सगळे खोंड खच्ची केलेत. निकृष्ट गुरं म्हणायचात तुम्ही त्यांना, सरकारी भाषेत. मग परदेशातले साहेब आले. खारट गवत खाऊन, मचूळ पाणी पिऊन, चिखलात खूर न कुजता उभी राहणारी ही जात जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे, सगळ्या देशांनी मिळून जपली पाहिजे, असं ते म्हणाले. तुम्हीही म्हणायला लागलात. तोवर खाडीकाठी वळू उरला होता एकच, मेलेल्याच्या नावाचा.

आणि त्याला तुम्ही दोर लावलात.

आईंनी नको म्हटलं होतं. तुम्ही पंचांना विचारलंत. पंच म्हणाले, गावाचा आहे, न्या. पण तो कोणाला धरू देईना, तेव्हा तुम्ही घरात येऊन खुंटीवरचा तुमच्या भावाच्या हातचा वळलेला दोर काढून नेलात. मला म्हणालात, "वहिनी, भावाचाच दोर आहे, भावाला काय लागणार?" असली समजूत आपल्याच घरात निघू शकते. तो दोर बघून त्यानं आपणहून मान पुढे केली. मी ओसरीवरून बघत होते. तुम्ही हसलात. मी आत निघून गेले.

केंद्रावर आठ महिने त्याचं रेत काढून गोठवलंत आणि मग त्याला परत आणून सोडलंत, पण तो फाटकापासून हलला नाही. गळ्यात काही नव्हतं, तरी बांधल्यासारखा उभा. चारा तिथंच टाकायचा, पाणी तिथंच ठेवायचं. दिवेलागणीला तेवढा मान खांबाला घासायचा, त्यानं फाटकाची कडी वाजायची आणि आईंना वाटायचं, कोणीतरी आलं. तुम्ही तोवर विमानात बसला होतात.

वागळे इस्टेटच्या खोलीतला त्या रेताचा कॅन नायट्रोजननं भरलेला आहे. काळजी नसावी.

सगुणा


११ फेब्रुवारी १९९०

उत्तमभाऊजी,

तुमच्या ऑफिसचं पत्रक दर तिमाहीला येतं. टाईप केलेलं, खाली तुमची सही. तिकडे गोठवून ठेवलेल्या रेताच्या कांड्यांची तपासणी झाली, अमुक देशातली मेंढी, तमुक देशातला घोडा, आणि मधेच एक ओळ: दामाजी, ठाणे, ठीक. नवरा गेल्यावर त्याची खुशाली हॉलंडहून टाईप होऊन येते अशी बाई जगात मी एकटीच असेन.

तुम्हाला आठवत असेल, त्या केंद्रावर बाबूनं वळूचं नाव विचारलं. तुम्ही म्हणालात, काहीही लिहा. आई तिथं त्याला बघायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "काहीही कशाला? दामाजी लिव." त्यांच्या दृष्टीनं दुसरं नाव असणार तरी कुठलं? तेच प्रत्येक कांडीवर छापलं गेलं. निम्म्या कांड्या तुमच्याकडे, निम्म्या माझ्याकडे. एका ठिकाणी आग लागली तर दुसरीकडे राहाव्यात, ही तुमच्या साहेबांची दूरदृष्टी.

माझं काम तुम्ही शिकवलंत तसंच चाललं आहे. कॅनचं बूच काढायचं, लाकडी पट्टी आत बुडवायची, बाहेर काढून हलवायची. जिथवर पांढरं धरेल तिथवर नायट्रोजन आहे. कमी झाला की शेजारच्या कारखान्यातून आणून ओतायचा. बूच काढलं की थंड धूर वर येतो आणि जमिनीवर उतरतो. पहिल्या वर्षी मी त्या धुराकडे बघत नसे. आता बघते. खोलीत दुसरं कोणी नसतं, तेव्हा कॅनशी दोन शब्द बोलतेही. हे पत्रकात लिहू नका.

आईंची नजर कमी झाली आहे, कान मात्र तिखट आहेत. फाटकाची कडी सैल झाली आहे, संध्याकाळी वाऱ्यानं वाजते. आई प्रत्येक वेळी म्हणतात, "आला गो," आणि घमेल्यात पाणी ओतून बाहेर ठेवायला लावतात. मी ठेवते. सुताराला बोलवायचं आहे, पण सगळे सुतार घोडबंदर रोडच्या नव्या बिल्डिंगांवर गेले आहेत. आपल्याकडे यायला कोणाला वेळ आहे?

तुमचा चुलतभाऊ धाकू यानं खाजणातली जमीन बिल्डरला दिली आणि टेम्पो घेतला. आता खाऱ्या गाई उरल्या आहेत त्या आपल्या गोठ्यातल्या म्हाताऱ्या. त्यांना चरायला नेते तेव्हा लोक मला वेडी म्हणतात. म्हणू देत.

सगुणा


९ जून १९९१

उत्तमभाऊजी,

तुमचं पत्र आलं. वळू गेल्याचं वाचून वाईट वाटलं, असं तुम्ही लिहिलंत. वरातीमागून घोडं, पण आलं हे खरं.

बाकीचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं. बांगलादेशात वैशाखात केवढं वादळ झालं, समुद्र कसा गावांवरून गेला, माणसं गेली आणि त्यांच्यामागे गुरं गेली, आणि आता जमिनीत मीठ उतरल्यामुळे बाहेरून आणलेल्या गाई तिथं कशा तग धरत नाहीत, ते सगळं. चितगावच्या कोणी डॉक्टरीणबाईंनी तुमच्या ऑफिसला लिहिलं आहे की मिठात जगणारी जात जगात कुठं असेल तर आम्हाला द्या. तुम्ही तुमच्या यादीत बघितलंत आणि तुम्हाला आपलं खाजण आठवलं. माझ्याकडच्या कांड्या पाठवायची तयारी ठेवा, तुमच्याकडच्या मात्र राखीव म्हणून कायम राहतील, असं तुम्ही लिहिलं आहे.

आईंनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "कायम?"

मी म्हटलं, "हो, कायम. पन्नास वर्षांनीसुद्धा त्यातून वासरू होऊ शकतं म्हणतात."

"म्हंजे माजा पोर पन्नास वरसं थंडीत."

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. आईंचं म्हणणं असं आहे: सोडलेल्याला तुम्ही बांधलंत. वळू मेला, पण दोर सुटला नाही, कारण तुम्ही त्याला त्या डब्यात बांधून ठेवलं आहे, थोडा इथं, थोडा तिथं. तो पुढे जाऊ शकत नाही, म्हणून फाटकाशी येतो. त्यांना डबा कोरडा पडायला हवा आहे. दोन्हीकडचा. "त्याला सोड गो," एवढंच रोज सांगतात. हात जोडतात. सासूनं सुनेपुढे हात जोडलेले बघायला मला आवडत नाही.

तुम्ही म्हणाल, हे अडाणीपण आहे. मलाही परवापर्यंत तसंच वाटत होतं. मी तुम्हाला लिहिलं होतं की कडी वाऱ्यानं वाजते. आईंचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून मी गेल्या महिन्यात कडीच काढून टाकली. पितळेची आहे, माझ्या पेटीत साडीत गुंडाळून ठेवली आहे.

तरी दिवेलागणीला वाजते.

आता काय करू सांगा. तिकडे बायका वासरांची वाट बघताहेत, इकडे आई मुलाच्या सुटकेची, आणि किल्ली माझ्याकडे.

सगुणा


२ मार्च १९९२

उत्तमभाऊजी,

परवानग्यांचे कागद दिल्लीहून अजून हललेले नाहीत, हे तुम्ही कळवलंत. दोन देशांच्या मधे तिसरा, आणि तिघांचे शिक्के. वासरू जन्माला घालण्यापेक्षा ही प्रसूती अवघड दिसते.

इकडे वेगळीच वेळ आली. आपल्याला नायट्रोजन देणाऱ्या कारखान्याला टाळं लागलं. मी गेले तर फाटकावर कामगार बसलेले. परत खोलीवर येऊन पट्टी बुडवली, तर पांढरं जेमतेम बोटभर.

भाऊजी, मला काहीच करायचं नव्हतं. किल्ली लावून घरी यायचं होतं. आठवड्यात डबा आपोआप कोरडा पडला असता. आईंचं मागणं पुरं झालं असतं, दोष टाळेबंदीचा, सुंठीवाचून खोकला गेला असता. मी किल्ली लावली. नाक्यापर्यंत आलेही. आणि मग पळत सुटले. माजिवड्यापर्यंत रिक्षा, तिथून धाकूच्या घरी. तो जेवत होता. त्याला ताटावरून उठवलं.

"वहिनी, अगं झालं काय? कोण मेलं?"

"कोणी मेलेलं नाही. टेम्पो काढ."

कॅन मागे दोरखंडानं आवळला आणि मी त्याला धरून मागेच बसले. डोंबिवलीच्या एमआयडीसीत दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी मिळाला. धाकू सगळा वेळ बडबडत होता. "साला, गॅससाठी एवढी धावाधाव? मी म्हटलं वहिनीला वेडबिड लागलं." कॅनच्या तोंडातून धूर वाहायला लागला तेव्हा मी त्या कारखान्याच्या अंगणात बसून रडले. लोक बघत होते. धाकूनं पाणी आणून दिलं.

घरी आले तर आईंना सगळं ठाऊक होतं. धाकूच्या बायकोनं सांगितलं असणार. मी त्यांच्या पायाशी बसले. त्या रागावल्या नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मना वाटला उत्तमनी बांदलाय. तुलाच सोडवत नाय गो."

खरं आहे. तुमच्या जागतिक कामासाठी मी धावले नाही, तिकडच्या बायकांसाठीही नाही. तो धूर आहे तोवर ते कुठंतरी आहेत. मला देह मिळाला नाही भाऊजी. पांढऱ्या पापण्यांचा एक वळू मिळाला, आणि त्याच्याशी मी संध्याकाळी फाटकाशी उभी राहून बोलायचे. तो मान घासायचा आणि मी दिवसभराचं सांगायचे. आता कडी वाजते तेव्हा आई घाबरतात. मी नाही घाबरत. मी वाट बघते. हे तुम्हाला कधी लिहिणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी आईंनी मला त्या बांगलादेशातल्या बायकांबद्दल विचारलं. मी तुमच्या पत्रातलं पुन्हा वाचलं. बांध तसेच, खाजण तसंच, पाणी रात्रीत आलं आणि पुरुष बांधावर होते. धाकू टेकला होता, तो म्हणाला, "काकी, तिकडे पाठवून काय फायदा? कापतील ना ते."

आई म्हणाल्या, "इथं नाय कापला? उत्तमनी चिमट्यानी अख्खा वंश कापला. आन तुमी जमीन इकून गवत कापला." धाकू चहा न घेता गेला.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. वळू सोडायचा असतो तो रानात, गाईंच्यात. कोंडून ठेवायला नाही आणि मारायलाही नाही. डबा कोरडा पडला तर पोर थंडीतच मेला, तो काही सुटला नाही. तेव्हा पाठवायचं तर सगळं पाठवा. इथं एक कांडी ठेवायची नाही, हॉलंडातही नाही. तिकडं जी पोरं होतील, त्यांचं तुमच्या साहेबांना काय जपायचं ते खुशाल जपू देत. ती पोरं कोणाच्या नावानं सोडलेली नाहीत, त्यांना डब्यात घाला नाहीतर कपाटात. "पन दामाजीला नको."

तुमच्या नियमात हे बसत नाही, मला कळतं. नोकरीवर येईल, तेही कळतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मागते. तुमच्याकडचा निम्मा वाटा सगळाच द्या.

सगुणा


१७ नोव्हेंबर १९९३

उत्तमभाऊजी,

तुमचं हातानं लिहिलेलं पत्र मी आईंच्या हातात दिलं. त्यांना वाचता येत नाही आणि आता दिसतही नाही फारसं. त्यांनी कागदावरून बोटं फिरवली आणि टाईप केलेलं नाही एवढं ओळखलं.

साहेबांशी तुमचं जे भांडण झालं ते तुम्ही दोन ओळींत उरकलंत, पण मला अंदाज आहे. दामाजीच्या वासरांच्या कांड्या पुढे तीन देशांनी ठेवायच्या, आणि मूळच्या सगळ्या वापरायच्या, ही तडजोड तुमच्या तोंडून निघाली पण होती आईंची. सांगितलंत का त्यांना? सांगा. खाडीकाठच्या एका म्हातारीनं सुचवलं म्हणावं.

काल मी, आई आणि धाकू कॅन घेऊन सहारला विमानतळावर गेलो. आईंना नेणार नव्हते, पण त्या आधीच टेम्पोत जाऊन बसल्या होत्या. पुढच्या सीटवर त्या, त्यांच्या आणि माझ्या पायांमध्ये कॅन. वागळे इस्टेटपासून सहारपर्यंत त्यांनी एक हात झाकणावर ठेवला होता. धाकू म्हणाला, "काकी, हात गारठंल." त्यांनी काढला नाही.

मालाच्या फाटकाशी शिपाई म्हणाला, पुढे बायकांना यायचं नाही. मग आईंनी तिथंच कनवटीची हळद काढली. शिपाई "ओ आजी, ओ आजी" करत राहिला आणि त्यांनी कॅनला पिवळा टिळा लावला. वाकल्या. झाकणाला तोंड लावून म्हणाल्या, "दामाजी, जा. आता तू कोनाचा नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तूपन बोल. तवा तुला कोनी बोलू दिला नव्हता."

दहा वर्षं मी त्या वाक्यावर रुसून बसले होते, आणि आता ते मलाच म्हणायचं होतं. मला नाही म्हणता आलं. मी नुसतं "जा" म्हटलं. तेवढंच. हमालांनी कॅन ढकलगाडीवर घातला आणि तो आत गेला. चाकाचा आवाज बराच लांबपर्यंत येत होता.

खोलीची किल्ली तुमच्या माणसाकडे सोपवली. लाकडी पट्टी मी घरी आणली आहे. तिचा आता कोणाला उपयोग नाही.

सगुणा


२१ जानेवारी १९९६

उत्तमभाऊजी,

आई गेल्याची तार तुम्हाला पोचली. तुमची तारही पोचली. तेराव्यापर्यंत तुम्हाला येता आलं नाही, त्याबद्दल बोल लावायला मी हे लिहीत नाही. त्यांनी तुमच्यासाठी एक निरोप ठेवला आहे. इतक्या वर्षांत पहिलाच, म्हणून नीट लिहिते.

चितगावच्या डॉक्टरीणबाईंनी पाठवलेला फोटो मार्गशीर्षात आला, त्यांच्या पत्रासकट. खाऱ्या किनाऱ्यावर आता खूपशी वासरं आहेत, खूर धडधाकट आहेत, मचूळ पाणी पितात. फोटोत एक खोंड आहे आणि त्याच्या शेजारी एक बाई. मागे लिहिलं आहे: जोहरा खातून. नवरा वादळात बांधावरून गेला, देह मिळाला नाही. हे तुम्ही मला आधी सांगितलं नव्हतं, की तुम्हालाही ठाऊक नव्हतं?

खोंडाच्या पापण्या पांढऱ्या आहेत.

आईंनी फोटो दारात उजेडाला धरायला सांगितला. डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. त्यांना अंधुक दिसायचं, आणि त्यांनी नेमकं तेच विचारलं ज्याची मला धास्ती होती. "दोर हाय का गल्यात?"

मला ‘नाही’ असं म्हणता आलं असतं. त्यांना कळलंही नसतं. पण मी म्हटलं, "आहे."

त्या बोट फिरवत राहिल्या, जणू फोटोत दोर हाताला लागणार होता. "कुटं बांदलाय?"

"बांधलेला नाही. त्या बाईनं हातात धरलाय."

"खुंटा नाय?"

"नाही."

मग त्या हसल्या. मी त्यांना तुमचे भाऊ गेल्यापासून असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "उत्तमला लिव. दोर हाय, पन खुंटा नाय. कोनाच्या तरी हातात हाय. बरा झाला." आणि मग, "त्याला म्हनाव, जेवून घे." एवढाच निरोप. अर्थ मी सांगत बसत नाही. तुम्ही त्यांचा मुलगा आहात. ताटावर बसलात की आठवण ठेवा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या. झोपेतून उठल्याच नाहीत, चेहरा शांत होता.

आता माझं. घर पुढच्या महिन्यात सोडते आहे. धाकूनं आणि पंचांनी आपली वाडी बिल्डरला दिली, मला कल्याणला एक खोली मिळते. गोठ्यात शेवटची म्हातारी गाय होती, ती दिवाळीआधीच गेली. खाजणात भराव पडला आहे. वळू पुरला तिथं कुठंतरी पाण्याची टाकी येणार आहे म्हणतात.

आणि कडी वाजायची थांबली आहे. कधी ते सांगते. सहारहून आलो त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि ओसरीवर बसले. वारा होता. झाडं हलत होती. फाटक गप्प. आई आतून म्हणाल्या, "गेला." त्यांना बरं वाटलं. मीही मान हलवली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी ओसरीवर बसते, घमेल्यात पाणी ठेवते, आणि कोणी येत नाही. भुताटकीला लोक घाबरतात. ती गेल्यावर घर किती रिकामं होतं, हे कोणी सांगत नाही. पेटीतून कडी काढून परत फाटकाला लावली. तरी नाही.

फोटो मी उशाशी ठेवला आहे. आई खोंडाकडे बघत होत्या, मी बघते ती त्या बाईच्या हाताकडे. दोर तिनं मनगटाला दोन वेढे देऊन धरला आहे आणि मूठ घट्ट आवळली आहे. छायाचित्र काढणाऱ्यानं सोड म्हटलं असतं तरी तिनं सोडला नसता. मला तिचा राग यायला हवा होता. नाही आला. आम्ही त्याला सांगितलं होतं, तू कोणाचा नाहीस. त्यानं ऐकलं नाही, हे बरं केलं.

तुमच्या ऑफिसमार्फत तिला एक निरोप पोचवाल का? बंगालीत कोणाकडून तरी लिहून घ्या. तिला सांगा, दिवेलागणीला त्याला मान घासायला काहीतरी लागतं. लाकडी असावं, दगडाला तो मान लावत नाही. आणि तो घासत असताना तिनं जवळ उभं राहून दिवसभराचं सांगावं. तो ऐकतो.

सगुणा